चार सेकंद

उलूमध्ये नोव्हेंबरात तीन वाजताच दिवे लागतात.
ओस्मोनं कॉफीचा कप माझ्या टेबलावर ठेवला
आणि विचारलं, "मग किती वेळ धरून ठेवायचं, हिल्का?"

कनेक्शन म्हणत होता तो.

आमचा क्लायंट साधाच, बसची तिकिटं काढून देतो.
कायानीची, कुहमोची, जंगलातल्या त्या फाट्यांची
जिथं थांबा म्हणजे नुसता एक खांब.
दर खेपेला सर्व्हरकडे नव्यानं जायचं तर
आधी हाक, मग ओ,
मग तू तूच कशावरून, मग किल्ल्यांची देवघेव,
आणि एवढ्या हेलपाट्यांनंतर कुठे कामाचं बोलणं.
म्हणून काम झालं तरी आम्ही दार ओढून घेत नाही.
फट ठेवतो.

पण फट दिसते म्हणजे आत कुणी आहेच, असं नाही.

सर्व्हर सांगतो, पाच सेकंद थांबेन.
हे पाच त्याच्या घड्याळातले.
पाचव्या सेकंदाला त्याचा निरोप निघतो
आणि नेमका तेव्हाच इकडून आपला शब्द निघालेला असतो.
वाटेत दोघं एकमेकांच्या शेजारून जातात,
ओळख न दाखवता.
मधले राउटर तर निरोपाच्याही भानगडीत पडत नाहीत,
बसल्या जागी विसरून जातात
की इथून कुणाचं तरी बोलणं चाललं होतं.

आमच्याकडे शांततेला कुणी घाबरत नाही.
आई फोनवर दोन-दोन मिनिटं गप्प असते
आणि मी फोन ठेवत नाही,
तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत असतं.
सर्व्हरच्या मागे घड्याळ वाजत नाही.
बोलण्याआधी दाराला कान लावता येतो, तेवढंच.
काही विचारलेलं नसताना पलीकडून काही आलं असेल
तर तो बहुधा निरोपच.
आणि काहीच आलं नसेल, तर?
तर काहीच कळलेलं नसतं.

"पुन्हा विचारायचं," ओस्मो म्हणाला. "उत्तर नाही आलं, तर पुन्हा."

वेळापत्रक खुशाल विचार.
दहादा वाचलं म्हणून बस दहा होत नाहीत.
पण तिकीट?
मी खणातून पत्र काढलं, सप्टेंबरातलं,
कागदावर, शाईनं, आजकाल कुणी लिहीत नाही तसं.

"तुमच्या यंत्रानं मला एकाऐवजी दोन जागा दिल्या,
चौदा आणि पंधरा, आणि पैसेही दोन्हींचे घेतले.
ते परत नकोत.
पंधरावर मी माझा ॲकॉर्डियन बसवला.
चाळीस वर्षं तो बसच्या पोटात, सामानात प्रवास करत आलाय.
सोत्कामोपर्यंत खिडकीतून बघत होता.
तरी पुढच्या वेळी विचारून करा.
ताउनो केम्पाइनन, कुहमो."

ओस्मो हसला. मग लॉग उघडून हसायचा थांबला.
सात सेकंद रिकामं पडलेलं कनेक्शन,
त्यावर आम्ही पैशांची मागणी पाठवलेली.
ती पोचली होती.
तुटलं ते उत्तर येताना.
आणि आम्ही निरागसपणे नवी वाट काढून
तीच मागणी पुन्हा नेऊन ठेवली.

मग आम्ही ठरवलं. ठरवलं म्हणजे, मी टाईप केलं
आणि तो मागे उभा राहून कुरकुरत होता.
सर्व्हरनं पाच म्हटलं की आपण चार धरायचे.
हाताशी असतील त्यातलं सर्वांत ताजं आधी घ्यायचं,
जुनी आपणच मिटायची, त्यांची वाट न बघता.
आणि पैशांचं बोलणं नेहमी नव्या वाटेवर.
ती तुटली, तर आधी विचारायचं:
मघाशी एक मागणी आली होती का, या खुणेची?

"एकशेवीस मिलिसेकंद वाया," ओस्मो म्हणाला.
"जाऊ देत," मी म्हटलं.
मला खरं तर खात्री नव्हती. अजून नाही.
चारच का, साडेचार का नाही,
याला माझ्याकडे पत्राशिवाय पुरावा नाही.

साडेपाचला त्यानं कोट चढवला.
"मोई," म्हणाला.
आमच्याकडे येतानाही मोई, जातानाही मोई.
मी मान वर न करता मोई म्हटलं
आणि दार वाजायची वाट बघत राहिले.